मंडप कोणाचा? टिळक-गोखले प्रदर्शनाचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण पुण्यातल्या पेठेतल्या एका जुन्या वाचनालयाचं आहे. वाचनालयाचं आणि माणसांचं नाव देत नाही, कारण ही सगळी मंडळी अजून रोज संध्याकाळी एकाच टेबलाशी वर्तमानपत्रं वाचायला बसतात. फलकांचा मजकूर लिहायचं काम माझ्याकडे होतं, त्यामुळे सांगतो ते आतून पाहिलेलं आहे.

कार्यकारिणीने ठरवलं, की २३ जुलै या टिळक जयंतीपासून १ ऑगस्ट या पुण्यतिथीपर्यंत खालच्या दालनात प्रदर्शन भरवायचं. विषय, पुण्यातलं राजकीय नेतृत्व, १८७० ते १९२०. म्हणजे सार्वजनिक सभा या पुण्यातल्या राजकीय संस्थेच्या स्थापनेपासून लोकमान्यांच्या निधनापर्यंतची पन्नास वर्षं. सोळा फलक, सनबोर्डवर छापलेले, प्रत्येकावर एक छायाचित्र आणि थोडका मजकूर. छपाईचा अर्धा खर्च एका ज्येष्ठ सभासदांनी स्वतःहून उचलला. त्यांना इथे आप्पा म्हणू. त्यांच्या घरी आजोबांपासून केसरी येतो आणि टिळकांबद्दल कोणी उणं बोललं तर ते घरातल्या माणसाबद्दल बोलल्यासारखं त्यांना लागतं. मजकूर तपासायला इतिहासाच्या एक निवृत्त प्राध्यापिका होत्या. त्यांना आम्ही सगळे बाई म्हणतो. आयुष्यभर त्यांनी रानडे, आगरकर, गोखले शिकवले. दोघांचाही अभ्यास खरा, आणि दोघांचाही जीव या विषयात अडकलेला.

या विषयाची एक गोष्ट बाहेरगावच्या माणसाला पटकन लक्षात येत नाही. हे सगळं अगदी जवळच्या जवळ घडलं. टिळकांच्या गायकवाड वाड्यातून निघालेला माणूस नदी ओलांडून गोखल्यांच्या भारत सेवक समाजाच्या आवारात चालत जाऊ शकतो. टिळक आणि गोखले दोघेही रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले, दोघेही चित्पावन, दोघांनीही मुलांना गणित शिकवलं, दोघेही फर्ग्युसन कॉलेज चालवणाऱ्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य. वयात फक्त दहा वर्षांचं अंतर. भांडण परक्यांचं असतं तर इतकं चिघळलं नसतं. आणि त्याची धग आमच्या बैठकीपर्यंत पोचली तीही त्याच कारणाने.

अडचण कुठे आली

पहिली मुद्रितं आली त्या दिवशी बाहेर धो धो पाऊस होता. दालनातल्या लांब टेबलावर सोळाही कागद पसरले होते, कोपऱ्यांवर चहाचे ग्लास ठेवून, पंख्याने उडू नयेत म्हणून. आप्पा एकेक कागद वाचत पुढे सरकत होते. सहाव्या कागदाशी थांबले. तो १८९५ चा फलक होता.

"अहो, टिळकांना तुम्ही मंडप जाळणाऱ्यांच्या पंगतीत बसवलंत," आप्पा म्हणाले.

बाई शांतपणे म्हणाल्या, "मी कोणाला कुठे बसवलं नाही, आप्पा. धमकी आली, आणि सामाजिक परिषद फर्ग्युसनच्या आवारात गेली. यातलं कुठलं वाक्य खोटं आहे ते दाखवा, आत्ता खोडते."

वाक्य खोटं नव्हतं. पण आप्पांचा राग पूर्ण चुकीचा होता असंही नाही. त्यासाठी १८९५ हे वर्ष नीट उघडून पाहावं लागतं, आणि पुण्याच्या राजकारणात इतकं भरलेलं वर्ष क्वचितच आलं असेल.

त्या वर्षीच्या १७ जूनला आगरकर गेले. टिळक आणि आगरकर कॉलेजातले मित्र. १८८२ मध्ये कोल्हापूरचे दिवाण बर्वे यांच्या बदनामीच्या खटल्यात दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र काढलेले. पुढे आधी समाजसुधारणा की आधी राज्य, या प्रश्नावर दोघं तुटले. आगरकर १८८७ मध्ये केसरीतून बाहेर पडले, पुढच्या वर्षी त्यांनी सुधारक हे पत्र काढलं, आणि त्याच्या इंग्रजी बाजूला लिहायला तरुण गोखले आले. १८९० मध्ये टिळकांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडली. वाद होता आजीव सदस्यांचं वेतन आणि बाहेरची कामं यांचा, आणि गोखल्यांनी सार्वजनिक सभेचं चिटणीसपद घेणं हे त्यातलं एक तात्कालिक कारण होतं.

आगरकर गेल्यानंतर महिन्याभरात सार्वजनिक सभेची निवडणूक झाली. ही सभा १८७० मध्ये गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, यांनी उभी केली आणि रानड्यांनी तिला वळण दिलं. टिळकांच्या बाजूने सभासद जमवून बहुमत मिळवलं. सभा रानड्यांच्या हातून गेली, गोखल्यांनी चिटणीसपद सोडलं, आणि १८९६ मध्ये रानडे-गोखल्यांनी डेक्कन सभा काढली.

आणि १८९५ च्याच डिसेंबरात राष्ट्रीय सभेचं, म्हणजे काँग्रेसचं, अकरावं अधिवेशन पुण्यात भरायचं होतं, सुरेंद्रनाथ बॅनर्जींच्या अध्यक्षतेखाली. पुण्याच्या दृष्टीने हा मान दहा वर्षं उशिरा आलेला. पहिलंच अधिवेशन १८८५ मध्ये इथे व्हायचं होतं, पण कॉलऱ्याची साथ आली आणि ते मुंबईला गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत गेलं. १८८७ पासून रीत अशी पडली होती, की राष्ट्रीय सभेचं काम उरकलं की त्याच मंडपात समाजसुधारकांची सामाजिक परिषद भरायची. रानडे सरकारी न्यायाधीश. राजकीय सभेत त्यांना उघडपणे पुढे येता यायचं नाही, म्हणून ही परिषद हेच त्यांचं व्यासपीठ. पुण्यात विरोध उठला. मंडप सर्वांच्या वर्गणीतून उभा राहतो, वर्गणी देणाऱ्यांतले बहुतेक सामाजिक सुधारणांच्या विरोधात आहेत, मग त्यांच्या पैशातून उभ्या राहिलेल्या मंडपात ही परिषद कशी? विरोधकांतल्या एका गटाने मंडप जाळण्याची भाषा केली. टिळकांनी स्वागत समितीचं चिटणीसपद सोडलं. शेवटी रानड्यांनी माघार घेतली आणि परिषद फर्ग्युसन कॉलेजच्या आवारात भरवली.

बाईंचं म्हणणं होतं, की हा फलक नसेल तर प्रदर्शनाला अर्थ नाही, कारण पुण्यातली फूट इथेच उघड्यावर आली. आप्पांचं म्हणणं, धमकी देणारे वेगळे आणि टिळकांचा मुद्दा वेगळा. राष्ट्रीय सभा सामान्य माणसापर्यंत न्यायची असेल तर जी गोष्ट त्याला पटलेली नाही ती तिच्या गळ्यात बांधू नये, हा त्यांचा मुद्दा होता. फलकावर धमकी आहे, मुद्दा नाही. हे आप्पांचं खरं होतं. मजकूर मी लिहिलेला, आणि सत्तर शब्दांत नाट्य बसवायच्या नादात मुद्दा मीच गाळला होता.

दुसरी चकमक १८९७ च्या फलकावर उडाली. प्लेगच्या वर्षी गोखले हिंदुस्थान सरकारच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष द्यायला विलायतेत होते. पुण्याहून आलेल्या पत्रांवर विसंबून त्यांनी घरतपासणीच्या वेळी सैनिकांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याचे आरोप तिथल्या वर्तमानपत्रातून मांडले. २२ जूनला गणेशखिंडीच्या रस्त्यावर प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली. सरकारने गोखल्यांकडे पुरावा मागितला. पत्रं लिहिणाऱ्यांची नावं सांगायला ते तयार नव्हते, पुराव्याशिवाय आरोप टिकत नव्हता, आणि त्यांनी जाहीर माफी मागितली. त्याच वर्षी जुलैत टिळकांना राजद्रोहाखाली अटक झाली. माफी मागून सुटण्याचा मित्रांनी सुचवलेला मार्ग त्यांनी नाकारला आणि अठरा महिन्यांची शिक्षा घेतली. मी फलकाला शीर्षक दिलं होतं, 'एकाची माफी, एकाचा तुरुंग'. बाईंनी कागद उचलला, उलटा करून ठेवला आणि म्हणाल्या, "हे शीर्षक गेली सव्वाशे वर्षं गोखल्यांच्या पाठीवर आहे. तुम्ही ते पुन्हा छापणार असाल तर माझं नाव काढा."

तिसरा फलक सुरतेचा, राष्ट्रीय सभेच्या तिथल्या अधिवेशनाचा. त्यात चूक माझी होती आणि ती साधी होती. मी लिहिलं होतं, 'टिळकांच्या माणसांनी व्यासपीठावर जोडा फेकला.' जोडा आला हे खरं. २७ डिसेंबर १९०७. टिळक तहकुबीची सूचना मांडायला उभे राहिले आणि खाली बसायला तयार होईनात. मंडपात खुर्च्या उचलल्या गेल्या, आणि लाल कातड्याचा, टोकदार, मराठी घाटणीचा एक जोडा हवेतून येऊन सुरेंद्रनाथांच्या गालाला लागून फिरोजशहा मेहतांवर आदळला. पण तो कोणी फेकला आणि कोणावर फेकला यावर त्या दिवसापासून दोन्ही बाजूंनी वेगवेगळी हकिकत सांगितली. मी त्यातली एक उचलली होती.

बैठक त्या संध्याकाळी मोडली. आप्पा छत्री विसरून गेले, म्हणून मी ती घेऊन मागे धावलो. जिन्याखाली उभे राहून ते म्हणाले, "पैसे मी देणारच आहे. पण माझं नाव आभाराच्या फलकावर नको." दुसऱ्या दिवशी बाईंचाही निरोप आला, मजकूर मी तपासला असं कुठे लिहू नका.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय सगळ्यांत सोपा: वादाचे तीन फलक काढून टाकायचे. उरलेल्या तेरांत शाळा, वर्तमानपत्रं, गणेशोत्सव, तुरुंगवास, सगळं होतं. कोणी तक्रार केली नसती. वाचनालयाच्या अध्यक्षांचा कल इकडे होता, आणि खरं सांगायचं तर दोन दिवस माझाही होता. पण ते तीन काढल्यावर उरलेले फलक मी पुन्हा वाचले तेव्हा लक्षात आलं, की टिळक काय करत होते आणि गोखले काय करत होते हेच कळेनासं झालं होतं. दोघेही थोर, दोघेही देशभक्त, एवढंच उरत होतं.

दुसरा, दोन भिंती करायच्या. एक आप्पांनी लिहायची, एक बाईंनी. यात भांडण मिटलं असतं, पण बघणारा माणूस आपापल्या भिंतीशी उभा राहिला असता.

तिसरा, सगळा मजकूर बाहेरच्या तज्ज्ञाकडून लिहून घ्यायचा. त्याला ना वेळ होता ना पैसा.

चौथा, प्रदर्शन पुढच्या वर्षावर ढकलायचं.

आम्ही या चारांत घोटाळत असताना ग्रंथपालांनी एक जुनी हकिकत काढली. १८९६ मध्ये गांधी दक्षिण आफ्रिकेतल्या हिंदी लोकांची कैफियत घेऊन पुण्यात आले. सभा घ्यायची होती. सार्वजनिक सभा टिळकांच्या ताब्यात, डेक्कन सभा गोखल्यांची. टिळकांनी त्यांना सांगितलं, की कुठल्याही एका पक्षाचा अध्यक्ष घेतलात तर दुसरा पक्ष येणार नाही. कुठल्याही पक्षात नसलेले रामकृष्ण गोपाळ भांडारकर अध्यक्ष व्हायला तयार झाले तर पाहा. गांधी गोखल्यांकडे गेले, त्यांनीही मनापासून मदत केली, आणि भांडारकरांनी भर दुपारी त्यांचं ऐकून घेऊन होकार दिला. पुण्यात दोन्ही बाजूंची माणसं एका सभेला आली.

"हे दोघं तेव्हा करू शकले," ग्रंथपाल म्हणाल्या. आणखी काही बोलल्या नाहीत.

निर्णय आणि कृती

आम्ही खडकीच्या एका निवृत्त मुख्याध्यापिकांना अध्यक्ष म्हणून बोलावलं. पेठेतल्या कुठल्याच घराण्याशी त्यांचं देणंघेणं नव्हतं आणि इतिहास हा त्यांचा विषयही नव्हता. त्यांनी भूगोल शिकवला. त्यांनी पहिल्याच बैठकीत तीन गोष्टी ठरवून दिल्या. प्रत्येक फलकावर त्या माणसापुढे त्या दिवशी काय होतं, कोणते रस्ते खुले होते आणि त्याने कोणता घेतला, एवढंच लिहायचं. पुढे काय झालं हे त्याच फलकावर येऊ द्यायचं नाही, त्याचा फलक आला की तिथे. आणि 'थोर', 'धीरोदात्त', 'दुर्दैवाने' असले शब्द खोडायचे. बाईंनी स्वतःच्या मजकुरातून असे नऊ शब्द स्वतःच्या हाताने खोडले. आप्पांनी अकरा.

हा नियम लावल्यावर एक गोष्ट आपोआप सुधारली, जी कोणाच्याच लक्षात आली नव्हती. आम्ही सगळ्या फलकांवर 'जहाल' आणि 'मवाळ' लिहिलं होतं, १८९५ च्या फलकावरसुद्धा. पण त्या दिवशी काय होतं असं विचारलं तर हे शब्द तिथे नव्हतेच. ते रूढ झाले वंगभंगाच्या चळवळीच्या सुमाराला. १८९५ मध्ये भांडण होतं सुधारक आणि त्यांचे विरोधक यांचं. सरकारशी कसं वागायचं यावरून तोवर तंटा पेटलेला नव्हता. नंतरची नावं मागे लावली की असं वाटतं, जणू हे दोघं पहिल्यापासून ठरलेल्या भूमिका घेऊन उभे होते. प्रत्यक्षात पंधरा वर्षांत मुद्दे बदलत गेले, फक्त माणसं तीच राहिली.

१८९५ च्या फलकावर आता तीन वाक्यं आली: वर्गणीदारांबद्दलचा टिळकांचा मुद्दा, रानड्यांची रीत मोडण्याबद्दलची अडचण, आणि परिषद हलवण्याचा निर्णय. धमकी राहिली, पण ती देणाऱ्या गटाच्या नावावर. १८९७ चं शीर्षक गेलं. त्या जागी गोखल्यांपुढचे दोन रस्ते आले, पत्रलेखकांची नावं सांगणं किंवा आरोप मागे घेणं, आणि टिळकांपुढचे दोन. कोणाचा रस्ता कठीण हे बघणाऱ्याने ठरवावं. सुरतेच्या फलकावरून मी माझं वाक्य काढलं आणि त्या जागी तिथे हजर असलेल्या हेन्री नेव्हिन्सन या इंग्रज पत्रकाराने टिपलेलं एक दृश्य घातलं. लोक टिळकांवर धावून येत असताना गोखले त्यांच्या शेजारी येऊन उभे राहिले आणि त्यांना वाचवायला त्यांनी दोन्ही हात पसरले. आप्पांनी हे पूर्वी वाचलं नव्हतं. त्यांनी तो कागद दोनदा वाचला आणि खिशातून चष्म्याचं फडकं काढलं.

खरी कसोटी पुढे होती. नियम सगळ्यांना सारखा लावायचा म्हटल्यावर डिसेंबर १९१४ यायलाच हवा होता. टिळक मंडालेहून जून १९१४ मध्ये सुटून आले होते. सुरतेनंतर १९०८ मध्ये केलेल्या नियमांमुळे त्यांच्या पक्षाला राष्ट्रीय सभेची दारं बंद होती. ॲनी बेझंट आणि राष्ट्रीय सभेचे सुब्बाराव समेटासाठी पुण्यात आले, टिळक आणि गोखले दोघांशी बोलले. गोखल्यांचं मन आधी समेटाकडे झुकलेलं होतं. मग टिळकांच्या बोलण्यावरून त्यांना वाटलं, की हे आत येऊन जुनाच अडवणुकीचा मार्ग धरणार. त्यांनी मद्रास अधिवेशनाचे अध्यक्ष भूपेंद्रनाथ बसू यांना तसं खासगी पत्र लिहिलं. त्याचा बोभाटा झाला, समेट फिसकटला, आणि टिळकांनी केसरीतून जाब विचारला.

हा फलक बाईंनी लिहायचा असं मुख्याध्यापिकांनी सुचवलं. बाई आठवडाभर आल्या नाहीत. आल्या तेव्हा कागद घेऊन आल्या. पत्राचं समर्थनही नव्हतं, सारवासारवही नव्हती. गोखल्यांची प्रकृती ढासळलेली होती हे त्यांनी लिहिलं होतं आणि मग खोडलं होतं. खोडलेलं दिसत होतं. "नियमात बसत नाही," त्या म्हणाल्या, "प्रकृती म्हणजे काही त्यांच्यापुढचा रस्ता नव्हे."

आणखी एक वळण आमच्यापैकी कोणीच योजलं नव्हतं. फलक टांगायला हडपसरहून एक विद्यार्थिनी यायची. सगळे फलक लावून झाल्यावर तिने विचारलं, "बाई, यात सगळं दोन घरांचंच का आहे? बाकीचं पुणं कुठे होतं?" दालनात कोणी बोलेना. मग आप्पांनीच सांगितलं, की १८८२ ला टिळक-आगरकरांवर खटला झाला तेव्हा जामिनाचे दहा हजार रुपये जोतीराव फुल्यांच्या शब्दावरून रामशेठ उरवण्यांनी भरले होते. "मग ते इथे का नाही?" तिने विचारलं. बरोबरच होतं. सत्यशोधक समाज पुण्यातच १८७३ मध्ये निघालेला, आणि सोळा फलकांत त्याला एक ओळ नव्हती. बाईंनी त्यात १९१८ ची भर घातली. विठ्ठल रामजी शिंदे यांनी मुंबईत भरवलेल्या अस्पृश्यता निवारण परिषदेत टिळक जोरदार बोलले, पण स्वतः अस्पृश्यता पाळणार नाही या जाहीरनाम्यावर त्यांनी सही केली नाही. आप्पा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "नियम सगळ्यांना सारखा. लिही." सतरावा फलक त्या मुलीने लिहिला, त्याच तीन प्रश्नांत.

निष्पन्न

प्रदर्शन २३ जुलैऐवजी १ ऑगस्टला उघडलं. चार फलक दोनदा छापावे लागले आणि खर्च वाढला. वाढीव पैसे कार्यकारिणीच्या कुठल्या खात्यातून द्यायचे यावर वेगळा वाद झाला, तो इथे सांगत नाही. एका सभासदाने १९१८ च्या ओळीवरून लेखी निषेध दिला, तो इतिवृत्तात नोंदला आहे. आभाराच्या फलकावर आप्पांचं आणि बाईंचं नाव आलं नाही. दोघांनीही आपला शब्द मागे घेतला नाही.

लोक आले. नेहमी येतात त्याहून जास्त थांबले. एक आजोबा नातवाला १८९५ च्या फलकाशी उभं करून विचारत होते, "तू असतास तर परिषद हलवली असतीस का?" पोरगा म्हणाला, मी दोन मंडप बांधले असते. आजोबा म्हणाले, "वर्गणी कोण देणार?" आणि दोघं पुढे गेले. ज्या प्रश्नावर आमची बैठक मोडली होती तो प्रश्न लोक शांतपणे एकमेकांना विचारत होते.

आज करायचं झालं तर

मुख्याध्यापिकांना आम्ही भांडण झाल्यावर बोलावलं. त्या पहिल्या दिवसापासून असत्या तर तीन आठवडे आणि दोन माणसांचा सल वाचला असता. हडपसरच्या मुलीचा प्रश्न तर शेवटच्या संध्याकाळी आला, आणि तो आला हे आमचं नशीब. विषय ठरवताना टेबलाशी फक्त पेठेतली माणसं होती, म्हणून विषय पेठेएवढाच झाला. सार्वजनिक सभेच्या १८९५ च्या सभासद यादीबद्दल बोलणाऱ्या आम्हाला आमच्या स्वतःच्या बैठकीच्या यादीकडे पाहायचं सुचलं नाही. देणगी देणारा माणूस मजकुराच्या बैठकीत असावा का, याचंही उत्तर आधी ठरवायला हवं होतं. आप्पांनी पैशाचा धाक कधीच दाखवला नाही, पण मुद्रितं वाचताना बाकीचे त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होते, हे मी पाहिलं.

आणि एक चूक शुद्ध मांडणीची, पण मला ती सगळ्यांत जास्त लागली. भिंतीवर जागा पुरेना म्हणून १९१४ च्या पत्राचा फलक आम्ही खांबाच्या पलीकडे लावला होता. त्यामुळे लोक आधी फेब्रुवारी १९१५ चा फलक वाचत आणि मग पत्राचा. १९ फेब्रुवारीला गोखले गेले. टिळक सिंहगडावर होते, बातमी कळताच खाली आले. अंत्यविधीच्या वेळी त्यांना बोलायला सांगितलं. जमावात काहींनी टाळ्या वाजवल्या तेव्हा ही वेळ टाळ्यांची नाही, अश्रू ढाळण्याची आहे असं सांगून त्यांनी त्या थांबवल्या, आणि गोखल्यांना हिंदुस्थानचा हिरा, महाराष्ट्राचं रत्न म्हटलं. हे आधी आणि पत्र नंतर वाचलं की माणूस म्हणतो, बघा, टिळक एवढे चांगले बोलले आणि गोखल्यांनी काय केलं होतं. पत्र आधी वाचलं, तो वाद वर्तमानपत्रांतून चालू असतानाच गोखले गेले हे कळलं, आणि मग सिंहगडावरून उतरणारे टिळक भेटले, की दोघंही वेगळे दिसतात. त्याच वर्षाच्या डिसेंबरात मुंबईच्या अधिवेशनाने नियम बदलले आणि १९१६ मध्ये लखनौला टिळकांचा पक्ष परत आत आला. तो फलक त्यानंतर. क्रम चुकला आणि आमचा सगळा नियम त्या एका खांबापाशी ढिला पडला.

चौथ्या दिवशी रात्री दालन बंद झाल्यावर हे फलक बदलले. स्टुलावर ती विद्यार्थिनी चढली, बाईंनी स्टूल धरलं, आप्पांनी खालून दोरी दिली. आता सगळे सतरा फलक हडपसरच्या एका शाळेत गेले आहेत, तिथून पुढे खडकीला जातील. पुन्हा क्रम चुकू नये म्हणून आप्पांनी प्रत्येकाच्या मागे जाड मार्करने आकडे घातले आहेत. चौदावा पत्राचा, पंधरावा त्यानंतरचा.